सातवी आलेली लोमितू

बुर्का, हिदार १४

लोमितू वन्सं,

दोन महिन्यांत एक ओळ नाही! तू जिवंत आहेस हे आम्हाला रेडिओवरून कळतं. सख्खी वहिनी इथे बसली आहे, तिला लिहायला तुझे हात दुखतात आणि पाय मात्र देशभर धावतात. शहाणीच आहेस.

मागच्या आठवड्यात रेडिओवाला घरी आला होता. सलग तीन वर्षं देशात पहिली येणारी ही अनवाणी पोरगी आहे तरी कुठली, हे त्याला लोकांना ऐकवायचं होतं. तुझा दादा लाजून गोठ्यात जाऊन बसला, मग काय, मीच बोलले. तो विचारतो, "तुमची नणंद पहिल्यांदा कधी पळाली?" मी म्हटलं, "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी." त्याला वाटलं मी थट्टा करते. मग त्याला बसवून सगळं सांगितलं. सोळाव्या वर्षी तुला पलीकडच्या खोऱ्यात दिली. तिथे गेल्यावर कळलं की घरात आधीची बायको आहे, आणि ही गोष्ट त्यांनी आपल्यापासून लपवली होती. पहाटे तू आईनं लग्नात दिलेली सिंकेची काठी उचललीस आणि निघालीस ती थेट माहेरी. सिंके हातात असलेल्या बाईच्या वाटेत पुरुष आडवा जात नाही, म्हणून तो बिचारा घोड्यावरून तुझ्या बाजूबाजूनं विनवण्या करत आला. दुसऱ्या डोंगरावर घोडा बसला, तू नाही. रेडिओवाला इतका हसला की त्याचं यंत्र बंद पडलं आणि मला सगळं पुन्हा सांगावं लागलं.

तुझा तो घोडेवाला आता बाजारात सांगत फिरतो, "तिला पळताना सगळ्यात आधी मी पाहिलं." सांगू दे बापड्याला.

परदेशातल्या शर्यतीसाठी निवड कधी आहे? सबंध गाव विचारतंय. डब्यात भाजल्या सातूच्या पिठाचा चुको पाठवते आहे, लोणी हात सैल सोडून घातलंय. एकटी खाऊ नकोस, खोलीतल्या त्या दुसऱ्या मुलीलाही दे.

तुझी वहिनी,
धिब्बे

•

आदिस, ताहसास ३

वहिनी,

रागावू नकोस गं. सकाळी पळायचं, दुपारी झोपायचं, संध्याकाळी परत पळायचं. मध्ये लिहायचं म्हटलं तर लेखणी हातातून गळते. चुको एका दिवसात संपला. हिरुतनं बोटं चाटून खाल्ला आणि म्हणाली, तुझ्या वहिनीला म्हणावं, शहरात दुकान काढ. ही हिरुत म्हणजे इथे सरावाच्या छावणीत माझ्या खोलीतली मुलगी. बाप विणकर, मुलगी इथेच शहरात वाढलेली. पळते चांगली, पण सारखी घाबरलेली असते. मी तिला म्हणते, अगं, तू मागे बघतेस म्हणून मागे राहतेस.

निवडीची शर्यत ताहसास पंचवीसला. पहिल्या सहाजणी जाणार. समितीच्या मेंगेशा साहेबांना माझ्या पायांची फार काळजी! परवा मला बोलावून म्हणाले, "पोरी, तिकडचे कॅमेरे तुझ्या तोंडाआधी तुझे पाय दाखवतील. लोक म्हणतील, या देशाला आपल्या मुलींना बूटसुद्धा घेऊन देता येत नाहीत." मी म्हटलं, "साहेब, तीनदा पहिली आले तेव्हा पायांकडे कुणी पाहिलं नाही, सगळ्या मुलींनी माझी पाठच पाहिली." कोच बुल्तो तोंड फिरवून हसले. साहेब नाही हसले.

एका परदेशी कंपनीनं सगळ्यांना बूट दिलेत. पांढरे, लाल पट्ट्याचे. माझे खाटेखाली पडून आहेत. दिसायला छान आहेत, खोटं कशाला बोलू.

काळजी करू नकोस. गावाला सांग, मीच पहिली येणार. दुसरी कोण ते अजून ठरायचंय.

लोमितू

•

आदिस, ताहसास २७

वहिनी,

यादीत माझं नाव नाही. अनवाणी मुलगी परदेशात नको, देशाची लाज जाते, असं मेंगेशा साहेबांचं म्हणणं. त्यांनी माझं नाव गाळलं.

कुणाला सांगू नकोस. दादालाही नको. मी बरी आहे.

लोमितू

•

बुर्का, तिर १२

लोमितू, अगं लोमितू!

"कुणाला सांगू नकोस" म्हणे! तुझं पत्र वाचून पुरं व्हायच्या आत मी अंगणात उभी राहून ओरडत होते. तीनदा देशात पहिली आलेली आमची पोर, आणि पायात बूट नाहीत म्हणून नाव गाळतात? ज्यांना आपल्याच मातीची लाज वाटते त्यांनी खुर्चीत बसावं तरी कशाला?

आता नीट बसून वाच. मी सिंके घेऊन निघाले. शेजारची निघाली, तिची जाऊ निघाली, ओढ्यापलीकडच्या निघाल्या. सगळ्यांत पुढे म्हातारी वर्के, जिला एरवी अंगणापर्यंत न्यायला दोघी लागतात. त्रेचाळीस काठ्या झाल्या! जिल्ह्याच्या गावी क्रीडा कचेरीसमोर रस्त्यावर बसलो ते तीन दिवस. गाई तशाच, चुली तशाच, दूधपिती पोरं बापांच्या कडेवर. तुझ्या दादानं लापशी करपवली आणि मुलांना सांगितलं की ती अशीच असते. आमच्यातून वाट काढायची एकाही पुरुषाची छाती झाली नाही. दोन्ही बाजूंना बसगाड्या खोळंबल्या. ड्रायव्हर शिव्या देत नव्हते, उलट आम्हाला पाणी आणून देत होते.

तिसऱ्या दिवशी राजधानीहून मेंगेशा साहेब आले. गाडीतून उतरले, आमच्या पायांकडे बघितलं आणि माणूस परत गाडीत बसून बाजारात गेला. आला तो दोन पोती घेऊन. काय असेल पोत्यांत? बूट! कापडी बूट, त्रेचाळीस जोड! त्याला वाटलं, बायकांना बूट मिळाले नाहीत म्हणून बायका रस्त्यावर बसल्यात. वर्केनं एक उचलला, आत हात घातला आणि म्हणाली, "छान आहे. चुलीवरचं भांडं उतरवायला होईल." हसून हसून माझी काठी हातातून पडायची राहिली.

मग त्याच्या ड्रायव्हरनं, आपल्याकडचाच आहे तो, साहेबाच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेबानं कचेरीच्या कडेचं ओलं गवत उपटलं, मुठीत धरलं आणि माफी मागायच्या रीतीनं आला आमच्यापुढे वाकून. तेव्हा कुठे आम्ही बोललो. मी म्हटलं, आमच्या मुलीवर अन्याय झालाय. तर म्हणतो कसा, "बाई, ती सातवी आली. सहाच जायच्या होत्या."

आम्ही त्रेचाळीसजणी अशा हसलो म्हणतेस! लोमितू, आणि सातवी! अरे, खोटं बोलायचं तर निदान पचेल असं तरी बोल. वर्के म्हणाली, साहेब, पाचवी सांगितली असतीत तर घटकाभर विचार केला असता. बिचारा पार गोंधळला. कागद दाखवायला लागला. कागद काय, कुणीही लिहितं.

शेवटी कबूल झाला. रीतीप्रमाणे एक बैल देणार आणि तुझं नाव यादीत घालणार. सहाव्या नंबरवर कुणी मुलगी होती, तिचं नाव आमच्या डोळ्यांसमोर खोडलं आणि तुझं लिहिलं. अक्षर वाईट आहे त्याचं, पण नाव तुझंच, मी दोनदा वाचलं. प्रौढांच्या वर्गात जाऊन डोकं फोडून घेतलं त्याचं सार्थक झालं बघ.

आता जा आणि दाखव त्यांना पाय!

तुझीच,
धिब्बे

•

आदिस, तिर १७

वहिनी,

हे पत्र एकटीनं वाच. उभी असशील तर बस.

मी सातवीच आले.

साहेब खोटं बोलले नाहीत. कागदही खरा आहे. मी खोटं बोलले, तुझ्याशी, माझ्या हातानं लिहून.

झालं असं. साहेबांचं ते बोलणं मी हसण्यावारी नेलं, पण आत कुठेतरी ते रुतून बसलं. वाटलं, बूट घालून जिंकले तर सगळ्यांची तोंडं एकदमच बंद होतील. कुणाला सांगितलं नाही, कोचनाही नाही. आधी एक दिवस घालूनसुद्धा पाहिले नाहीत, इतकी मस्ती! शर्यतीच्या वेळीच खाटेखालून काढले. पहिल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होते. दुसऱ्या फेरीत टाचा सोलल्या. पायाखाली चिखल आहे की दगड तेच कळेना. मला जमीन पायांनी कळते गं, डोळ्यांनी नाही. तिसऱ्या फेरीत थांबून काढायला गेले तर नाडीची गाठ सुटेना. मुली बाजूनं जात राहिल्या आणि मी वाकून गाठ ओढत बसले. शेवटी दातांनी तोडली. उठून जीव खाऊन पळाले, पण एका वितीनं सहावा नंबर हुकला.

तुला काय लिहिणार होते? तुझी लोमितू हरली, आणि तीही बूट घालून? ते लिहवेना. साहेब एकदा जे खरंच बोलले होते, त्यावर मी उरलेलं रचलं. वाटलं, तू घरात बसून दोन शिव्या घालशील आणि विषय संपेल. तू सिंके उचलशील हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. तुझ्याबरोबर दहा वर्षं राहिले आहे मी.

आणि ज्या मुलीचं नाव खोडलं ना, ती हिरुत. माझ्या खोलीतली. तुझा चुको खाल्ला तीच. बातमी कळली तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही. वळकटी बांधून ठेवलीय आणि भिंतीकडे तोंड करून झोपते.

खोट्यावर सिंके उचलली की पुढे तिला कुणी वाट देत नाही, हे मला माहीत आहे. माझी सिंके खरी होती म्हणून घोडेवाल्यानं मला वाट दिली. तुमची मी खोटी पाडली. तू बायकांना काही सांगू नकोस, ते माझं काम आहे. शनिवारी येते.

लोमितू

•

बुर्का, येकातित १

हिरुत पोरी,

तू मला ओळखत नाहीस. तुझं नाव ज्यांनी खोडायला लावलं त्यांतली पहिली मी. लोमितूची वहिनी, धिब्बे. पत्र फाडून टाकायचं असेल तर टाक, पण आधी वाच.

लोमितू शनिवारी आली. औदुंबराखाली सगळ्या बायका जमल्या होत्या, तिला खांद्यावर घ्यायला. गाणीसुद्धा सुरू झाली होती. ती मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "गाऊ नका. मी सातवीच आले होते." सगळं सांगितलं. बुटांचं, गाठीचं, तुझं. एक शब्दही गाळला नाही. मी जमिनीकडे बघत होते. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तिचा इतका राग कधी आला नव्हता. लोक म्हणतील, पोरगी खोटं बोलली. पण रस्ता अडवून साहेबाला हसले ते कोण? मीच ना? विचारावंसं नाही वाटलं मला. लोमितू हरू शकते हे माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

मग म्हातारी वर्के म्हणाली, "जेवढं अंतर खोट्यासाठी चाललो, तेवढं खऱ्यासाठी चालावं लागेल. उठा."

उठलो. त्याच त्रेचाळीसजणी, तोच रस्ता. लोमितू सगळ्यांच्या मागून तिची काठी घेऊन चालत होती. वाटेत तिच्याशी कुणी बोललं नाही, पण वर्केचा पाय मुरगळला तेव्हा तिनंच तिला पाठुंगळी घेतलं आणि वर्केनंही घेऊ दिलं.

मेंगेशा साहेब त्या दिवशी बैल पोचवायला कचेरीत आले होते. आमच्या काठ्या लांबून दिसल्या आणि पोरी, तो माणूस कुणी न सांगता धावत जाऊन गवत उपटायला लागला! मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "साहेब, गवत टाका. आज गवत आम्ही आणलंय." आणि आम्ही सगळ्या त्याच्यापुढे वाकलो, मुठीत गवत धरून. त्यानं खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. मग म्हणाला, "बाई, माझंही चुकलं. मी सातवीला आत घेतलं ते घाबरून घेतलं."

त्याचा बैल त्याला परत दिला. चुकल्याची भरपाई म्हणून आमचा कापला. लोमितूच्या पहिल्या बक्षिसातून घेतलेला होता, नांगराचा, गुणी होता फार. तुझ्या दारी येऊन वाढायला हवा होता, पण तू लांब. तुझ्या नावानं वाटला.

यादीत तुझं नाव परत घातलंय. या वेळी साहेबाला नीट अक्षरात लिहायला लावलं. राग असेल तर ठेव, तो तुझा हक्क आहे. पण जा. घरी बसून आमच्यावर सूड उगवू नकोस.

धिब्बे

•

आदिस, येकातित ९

धिब्बेबाई यांना,

पत्र मिळालं.

माझं नाव काठीनं गेलं आणि काठीनंच परत आलं, हे मला मुळीच आवडलेलं नाही. ते यादीत पहिल्यांदा माझ्या पायांनी आलं होतं. तुम्ही साहेबांपुढे वाकलात, बैल कापलात, सगळं खरं, पण त्या तेरा दिवसांत मला एकानंही विचारलं नाही की हिरुत, तुझं काय. माझ्या वडिलांनी माग थांबवून माझ्यासाठी शाल विणायला घेतली होती, परदेशात थंडी असते म्हणून. नाव गेल्यावर ती अर्धी तशीच मागावर राहिली. ते रोज तिच्याकडे बघत बसायचे.

मी जाणार आहे. तुमच्यासाठी नाही.

लोमितू परत आल्यापासून रोज पहाटे माझ्याबरोबर टेकडीवर पळते. मी बोलावत नाही, ती येते. पुढे राहून वारा अडवते. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. काल ती पांढरे बूट घेऊन आली, म्हणाली, तुला होतील. झाले, अगदी बरोबर. मग मला संशय आला आणि मी तिचा पाय मोजला. धिब्बेबाई, तुमच्या नणंदेचा पाय माझ्यापेक्षा बोटभर मोठा आहे! कंपनीच्या माणसानं माप विचारलं तेव्हा हिला बुटांना माप असतं हेच माहीत नव्हतं. मी जे सांगितलं तेच तिनंही सांगितलं होतं.

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थापा आल्या. त्यानंतर बोलणं बंद ठेवणं जमलं नाही.

हिरुत

•

बुर्का, मेगाबित १८

लोमितू,

काल सबंध गाव औदुंबराखाली रेडिओभोवती होतं. हिरुत चौथी! आणि देशाचा संघ पहिला! तिचं नाव घेतलं तेव्हा बायकांनी असा आवाज काढला की घोडे दावं तोडून पळाले. वर्के म्हणते, "आपली पोर चौथी आली." मी म्हटलं, आपली कशी, ती विणकराची. तर माझ्यावरच डाफरली, "बैल कुणाच्या नावानं कापला मग?"

लोक नाचत होते आणि मला तुझी आठवण आली. तू छावणीत एकटीच ऐकत असशील. रडलीस का गं? मी रडले. तिथे तू असायला हवी होतीस, आणि नव्हतीस ते बरोबर होतं. दोन्ही एकदम वाटतं, काय करू.

दोन महिने तुला लिहिलं नाही. राग होता. अजून थोडा आहे, लोणी कढवलं की तळाशी बेरी राहते तेवढा. तू हरलीस त्याचा नाही. मला सांगता आलं नाही तुला, त्याचा. अगं, मी काय फक्त जिंकणाऱ्या लोमितूची वहिनी आहे? सातवी आलीस म्हणून घरातून हाकललं असतं तुला?

पुढच्या ताहसासला पळ. पहिली आलीस तर पहिली, नाही तर नाही. पण मला खरं लिही.

नवा गोऱ्हा घेतलाय. तुझ्या दादाचं काही ऐकत नाही, माझं ऐकतो.

धिब्बे

•

परदेशातून, पुढच्या वर्षीचा मेगाबित १७

वहिनी,

तू रेडिओवर ऐकलंच असशील, तरी माझ्या हातानं लिहिते.

ताहसासात निवडीला मी पहिली आले होते, ते कळवलं होतंच. काल इथे जगभरातल्या मुलींत पहिली आले. अनवाणी.

आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि रात्रीत चिखलावर बर्फाची साय धरली होती. सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिले तेव्हा बाजूची गोरी मुलगी माझ्या पायांकडे बघून आपल्या कोचला काहीतरी म्हणाली. पहिल्या चढावर ती माझ्या पुढे होती. उतारावर चिखल लागला, सगळ्या जपून पाय टाकायला लागल्या, आणि माझ्या बोटांनी जमीन धरली. वहिनी, मला सगळं कळत होतं गं! कुठे घट्ट आहे, कुठे खचेल, सगळं. तिथून पुढे मला कुणाची पाठ दिसली नाही. शेवटच्या चढावर छाती फुटते की काय असं झालं, पण मागे वळून पाहिलं नाही.

नंतर वार्ताहर जमले. सगळे पायांचेच फोटो काढत होते. एकानं मेंगेशा साहेबांना विचारलं, तुमच्या देशात मुलींना बूट मिळत नाहीत का? साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "मिळतात ना. हिला लागत नाहीत." मग मला म्हणाले, "पाय गारठले का पोरी?" आणि स्वतःचा कोट काढून माझ्या पायांवर टाकला.

आता खरं ते सगळं लिहिते. डाव्या पायाचं एक नख गेलं. आदल्या रात्री मला भीतीनं झोप लागली नाही. पोडियमवर उभी होते तेव्हा आधी तुझी आठवण आली, मग आईची. एवढंच.

मी काय लिहिते यावर तू विश्वास ठेवशीलच, पण तू डोळे मिटून विश्वास ठेवावास असं मला आता वाटत नाही. म्हणून कागद हिरुतकडे देते आहे.

तुझी लोमितू

वहिनी, एकेक शब्द खरा आहे. मी पाहिलं. मी तिच्या मागेच होते, दुसरी.

हिरुत